बारीक अंगकाठी आणि कमरेचं पिस्तूल: होल्स्टर निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या गृहस्थांना 'अ' म्हणू. वय चाळिशीच्या आगेमागे, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ५५ किलोच्या आसपास, कंबर २८ इंच. शरीर इतकं सडपातळ की कमरेचं हाड शर्टावरूनही कळतं. कामाच्या स्वरूपामुळे रात्री उशिरा रोकड घेऊन एकट्याने जावं लागतं आणि त्यावरून पूर्वी धमक्याही आलेल्या. पिस्तुलाचा परवाना आणि ते कपड्यांखाली झाकून बाळगण्याची परवानगी, दोन्ही रीतसर मिळवलेली. मूलभूत प्रशिक्षण झालेलं, नेमही बरा. मी त्यांचा प्रशिक्षक. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मापं आणि घटनांचा क्रम बदललेला नाही.

पिस्तूल ग्लॉक १९. लांबी साधारण साडेअठरा सेंटिमीटर, मॅगझिनसह (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) उंची १२.८ सेंटिमीटर, रुंदी तीन सेंटिमीटरच्या थोडी वर. या पिस्तुलाला अंगठ्याने चढवायची-उतरवायची वेगळी सेफ्टी नसते. सुरक्षेच्या तिन्ही कड्या आतच असतात आणि ट्रिगर दाबला की तिन्ही ओळीने सुटतात. ट्रिगर बोटाने दाबला की शर्टाच्या चुरगळलेल्या टोकाने, याच्याशी पिस्तुलाला काही देणंघेणं नसतं. म्हणून असं पिस्तूल कमरेला असताना त्याची खरी सेफ्टी म्हणजे होल्स्टर, पिस्तूल ठेवायचं म्यान. 'अ' यांना हे ऐकून माहीत होतं, पण ते माझ्याकडे आले ते वेगळीच तक्रार घेऊन.

अडचण

तक्रार एका वाक्यात अशी होती: "सर, काहीही घातलं तरी मूठ दिसते."

त्यांनी तोवर दोन होल्स्टर घेऊन पाहिले होते. पहिला मिश्र प्रकारचा, म्हणजे अंगाकडे चामड्याचा रुंद तळ आणि बाहेरून कडक प्लास्टिकचं कवच. भरल्या अंगाच्या माणसाला तो छान बसतो. २८ इंची कमरेवर मात्र गोलाई इतकी आवळ असते, की हा रुंद तळ टेकायला पुरेशी सपाट जागाच सापडत नाही. तांब्याला फूटपट्टी टेकवावी तसं होतं: मध्ये टेकते आणि दोन्ही टोकं हवेत राहतात. वरचं टोक म्हणजे पिस्तुलाची मूठ, आणि नेमकी तीच शर्टाला तंबू करत होती.

दुसरा होल्स्टर मऊ कापडी, नेफ्यात खोचायचा, एका लहान क्लिपने पट्ट्याला अडकणारा. बाजारात मिळाला त्यातला सगळ्यात पातळ म्हणून घेतलेला. 'आपण बारीक, मग वस्तूही बारीक हवी' असा सरळ हिशोब. हा हिशोब मी बऱ्याच सडपातळ प्रशिक्षणार्थींच्या तोंडून ऐकला आहे आणि तो जवळजवळ नेहमीच चुकतो. कपड्यातून दिसते ती पिस्तुलाची जाडी नव्हे, तर अंगापासून सुटलेलं मुठीचं टोक. होल्स्टर दोन मिलिमीटरने पातळ केला म्हणून ते टोक आत वळत नाही. उलट त्या दोन मिलिमीटरच्या बदल्यात कवचाचा कडकपणा जातो. तो कशासाठी असतो, हे पुढच्याच सत्रात कळलं.

निर्णायक प्रसंग

कोरडा सराव, म्हणजे काडतुसांशिवायचा सराव, चालू होता. काडतुसं खोलीबाहेर, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासलेलं, समोर सुरक्षित भिंत. 'अ' यांनी पिस्तूल बाहेर काढलं आणि काढताक्षणी कापडी होल्स्टरचं तोंड पट्ट्याच्या दाबाने मिटलं. पिस्तूल परत घालण्यासाठी त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते तोंड उघडून धरलं. नळी त्या बोटांवरून सरकत आत गेली.

मी थांबवलं आणि विचारलं, "घरी भरलेलं पिस्तूलही असंच घालता?"

उत्तर आलं नाही, म्हणजे आलंच.

नंतर मी त्यांना तोंड न धरता, एकाच हाताने घालायला सांगितलं. तर्जनी ट्रिगरपासून लांब, फ्रेमच्या बाजूला सरळ होती. माझी नजर तिच्यावरच होती. पिस्तूल अर्धं आत गेलं, थोडं अडलं, त्यांनी किंचित जोर दिला आणि 'खट' असा आवाज आला. स्ट्रायकर (काडतुसावर आपटून गोळी सोडणारी आतली सुई) सुटला होता. बाहेर काढून पाहिलं, तर होल्स्टरची कड आत दुमडून ट्रिगरभोवतीच्या कड्यात, म्हणजे ट्रिगर गार्डमध्ये, शिरली होती.

हा प्रकार नवा नाही. वापरून मऊ पडलेल्या चामडी होल्स्टरची कड अशीच आत वळून गोळी सुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. जॅकेटच्या तळाशी असते त्या नाडीची प्लास्टिकची गोटीही ट्रिगर गार्डमध्ये अडकते. नकळत गोळी सुटण्याचे प्रसंग मोठ्या प्रमाणात पिस्तूल परत घालताना येतात. त्या क्षणी घाई करायचं कारण सहसा नसतं, पण पिस्तूल काढताना हात ज्या वेगाने चालतो त्याच वेगाने घालतानाही चालतो.

त्या आवाजानंतर आमचा प्रश्न बदलला. लपतं कसं, हे मागे पडलं. आधी ट्रिगर झाकलेला राहतो का ते पाहायचं आणि त्यातून जे उरतील त्यांच्यात लपवण्याचा विचार करायचा, असं ठरलं. तोवर पिस्तूल बाळगणं बंद. त्या काळात रात्री रोकड नेताना एक सहकारी सोबत घ्यायचा, हेही 'अ' यांनी स्वतःच सुचवलं.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय त्यांचाच: पिस्तूलच लहान घ्यायचं. त्यांच्या मनात ग्लॉक ४३एक्स होतं. ते नक्कीच सडसडीत आहे, रुंदी तीन सेंटिमीटरच्या आत. पण मॅगझिनसह त्याची उंची ग्लॉक १९ इतकीच, १२.८ सेंटिमीटर. म्हणजे जी मूठ दिसते म्हणून तक्रार, ती तेवढीच लांब राहणार. त्याहून आखूड मुठीची पिस्तुलं मिळतात, पण करंगळीला पकड उरत नाही आणि धक्का जास्त बसतो. हा पर्याय रद्द केला नाही, शेवटाकडे ढकलला.

पाठीच्या मधोमध, मणक्यावर बाळगणं. सडपातळ माणसाच्या पाठीला तिथे खोलगट जागा असते, म्हणून मोह होतो. मी याला ठाम नकार दिला. पाठीवर पडलात तर लोखंड आणि मणका यांच्यात काही नसतं. शिवाय परत घालताना दिसत नाही, आणि मागून कुणी हात घातला तर कळायला उशीर होतो.

घोट्याला किंवा खिशात. ग्लॉक १९ खिशासाठी मोठं आणि त्यांच्या घोट्यासाठी जड. इथे जास्त वेळ घालवला नाही. खांद्याचा होल्स्टरही असाच बाद झाला. बारीक खांद्यावर तो झुलतो आणि आडव्या प्रकारात नळी मागच्या माणसाकडे वळलेली असते.

पोटाला गुंडाळायचा लवचीक पट्टा. हा सडपातळ लोकांत लोकप्रिय आहे आणि लपवतोही चांगला. पण नुसत्या कापडातून ट्रिगर बाहेरून बोटाने दाबता येतो. ज्यात ट्रिगरवर कडक कवच असतं असे पट्टे मिळतात, ते चालले असते. मात्र त्यातही एका हाताने पिस्तूल परत घालणं अवघडच राहतं.

बॅगेत ठेवणं. बॅग टेबलावर राहते, गाडीत राहते, दुसऱ्याच्या हातात जाते. 'अ' यांच्या घरी शाळकरी मुलगी आहे, एवढं कारण पुरलं.

अजिबात न बाळगणं. हा पर्यायही यादीत खरोखर होता. रोकड नेण्याची वेळ आणि पद्धत बदलता आली, तर पिस्तुलाची गरजच कमी होते. 'अ' यांनी आठवड्यातल्या काही फेऱ्या दिवसा वळवल्या, पण सगळ्या वळवता येणार नव्हत्या.

उरले दोन. दोन्हींत कायडेक्सचा, म्हणजे उष्णतेने साच्यावर बसवलेल्या कडक प्लास्टिकचा, नेमक्या त्याच पिस्तुलासाठी घडवलेला आणि नेफ्याच्या आत बसणारा होल्स्टर. फरक फक्त जागेचा. बेंबीला घड्याळातले १२ मानलं, तर एक चारच्या जागी, उजव्या कमरेच्या हाडामागे. दुसरा साडेबारा ते दीडच्या दरम्यान, पोटाच्या पुढच्या बाजूला.

चारची जागा मला नव्या माणसासाठी जास्त पसंत आहे, कारण परत घालताना नळी शरीराबाहेर ठेवणं सोपं जातं. आम्ही तीच आधी पाहिली. उभं असताना ठीक होतं. वाकलं की मूठ पाठीमागून सरळ बाहेर येत होती. हाडामागच्या खळग्यात तिला आत धरून ठेवणारं काहीच नव्हतं. तिरकेपणा १५ अंशांवर नेऊन पाहिला, थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

पुढच्या जागेचा धोका उघड आहे. बसल्यावर नळीचं तोंड मांडी आणि जांघेकडे असतं आणि तिथून पायाला रक्त नेणारी मोठी फेमोरल धमनी जाते. चूक झाली तर हाताशी मिनिटं मोजकी. हे मी त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं नाही. दुसऱ्या बाजूला, त्या जागेवर पिस्तूल परत घालताना पाहता येतं, वाकलं तरी मूठ पोटाच्या घडीत राहते आणि इतरांचा हात सहज पोचत नाही. आम्ही ही जागा घेतली, पण अट घालून: आधी रिकामं पिस्तूल बाळगायचं आणि भरलेलं कधी ते मी सांगेन.

प्रत्यक्ष केलेली कामं

सुरुवात पट्ट्यापासून केली, होल्स्टरपासून नव्हे. त्यांचा रोजचा पट्टा मऊ होता आणि छिद्रं एकेक इंचावर. इंचभर म्हणजे कधी सैल, कधी श्वास कोंडेल इतका घट्ट. ३८ मिलिमीटर रुंदीचा, आडवा न पिळवटणारा आणि दात्यांनी बारीक बारीक आवळता येणारा पट्टा घेतला. पॅन्ट ३० ची. नेफ्यात पिस्तूल बसणार, तर नेफ्याला तेवढी जागा हवी, पण हे दुकानात कुणी सांगत नाही.

मग होल्स्टरला दोन गोष्टी जोडल्या, आणि इथेच 'पातळ घ्या' हा हिशोब उलटा पडतो. एक क्लॉ: ट्रिगर गार्डच्या बाजूला बसवलेला प्लास्टिकचा छोटा पंख. पट्टा आवळला की तो या पंखाला आत दाबतो, होल्स्टर स्वतःभोवती किंचित वळतो आणि मूठ पोटाकडे येते. दुसरी पाचर: नळीच्या टोकापाशी, अंगाकडच्या बाजूला लावलेला फोमचा तिरका तुकडा. पाचर खालचं टोक अंगापासून दूर ढकलते. पट्टा टेकूसारखा वागतो आणि वरचं टोक, म्हणजे मूठ, आत झुकते. नळीचं तोंडही अंगापासून थोडं बाहेर वळतं, हा जास्तीचा फायदा. पाचरीमुळे होल्स्टर चांगला सेंटिमीटरभर जाड झाला आणि पिस्तूल आधीपेक्षा कितीतरी कमी दिसायला लागलं. 'अ' आरशासमोर बराच वेळ बाजू बदलून पाहत राहिले.

नंतर तपासण्या, सगळ्या रिकाम्या पिस्तुलावर. होल्स्टर उलटा धरून हलवला. पिस्तूल पडलं नाही. पिस्तूल आत असताना तोंडाच्या फटीतून पेन्सिल घालून ट्रिगरपर्यंत पोचते का पाहिलं, पोचली नाही. पिस्तूल काढल्यावर पट्टा आवळलेला असतानाही तोंड उघडं राहतं का, राहिलं. कवचाच्या बाहेरून ट्रिगरच्या जागी अंगठ्याने जोर दिला. काही हललं नाही. खुर्चीत बसणं, बुटाची नाडी बांधणं, गाडीत बसून मागच्या सीटवरची वस्तू घेणं, हेही केलं.

एका गोष्टीत होल्स्टर नापास झाला. जोरात काढल्यावर पिस्तुलासोबत तो अख्खाच वर आला. कारण शोधलं तर क्लिप ४४ मिलिमीटरच्या पट्ट्यासाठी होती. ३८ च्या पट्ट्यावर तिचा आकडा खालच्या कडेला धरतच नव्हता. योग्य मापाची क्लिप लावली. गरजेच्या वेळी हातात होल्स्टरसकट पिस्तूल येणं म्हणजे ट्रिगरच न सापडणं, आणि घाबरलेल्या माणसाने तो होल्स्टर दुसऱ्या हाताने ओढून काढणं तर त्याहून वाईट.

यानंतरची तपासणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. मॅगझिन रिकामं, चेंबर रिकामं, पण स्ट्रायकर ताणलेला, अशा अवस्थेत पिस्तूल घरातल्या घरात दिवसभर बाळगायचं आणि रात्री ट्रिगर पाहायचा. ग्लॉकचा ट्रिगर ताणलेल्या अवस्थेत पुढे असतो, स्ट्रायकर सुटला की मागे राहतो. रात्री तो मागे सापडला, तर दिवसात कधीतरी कशाने तरी दाबला, याची ती लेखी कबुलीच. काही आठवडे त्यांनी हे केलं. ट्रिगर दर रात्री पुढेच सापडला. माझ्या शब्दापेक्षा या रोजच्या पाहण्याने त्यांची धास्ती गेली असावी.

परत घालण्याची रीत मात्र मी घोटून घेतली. थांबायचं, समोर पाहायचं, शर्ट डाव्या हाताने उचलून छातीशी धरायचा, कंबर पुढे काढून वरचं अंग मागे झुकवायचं, होल्स्टरच्या तोंडात काही नाही ना ते डोळ्यांनी पाहायचं, बोट फ्रेमवर ठेवून सावकाश घालायचं. थोडंही अडलं तर जोर न देता बाहेर काढायचं. रोज रात्री पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. होल्स्टरसकट कमरेवरून उतरवून कुलपाच्या पेटीत ठेवायचं. ट्रिगर जितक्या कमी वेळा उघडा पडेल तितकं बरं. शौचालयातही तेच: पिस्तूल होल्स्टरमध्येच, खाली उतरवलेल्या पॅन्टमध्ये दोन पायांच्या मध्ये. खुंटीला ट्रिगर गार्डने टांगायचं नाही. आणि पिस्तूल हातातून निसटलं तर पडू द्यायचं, झेलायला जायचं नाही. आजची चांगली पिस्तुलं पडल्याने सुटू नयेत म्हणून बनवलेली असतात, झेलणारं बोट मात्र ट्रिगरवर जाऊन बसू शकतं.

परिणाम

भरलेलं पिस्तूल बाळगायला सुरुवात झाल्यावर पहिले काही आठवडे सुरळीत गेले. मग 'अ' यांनी उजव्या मांडीला बाहेरच्या बाजूने मुंग्या येतात, कधी बधिर वाटतं, असं सांगितलं. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. निदान मेराल्जिया पॅरेस्थेटिका: कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून मांडीच्या त्वचेकडे जाणारी नस दाबली जाणं. घट्ट पट्ट्यामुळे होणारी ही ओळखीची तक्रार आहे, आणि हाडावर गादी नसलेल्या माणसाच्या बाबतीत तिची शक्यता डोक्यात ठेवलेली बरी. होल्स्टर दीडवरून साडेबाराकडे, हाडापासून लांब सरकवला, पट्टा दोन दाते सैल केला. सैल पट्ट्याने क्लॉचा जोर कमी झाला आणि मूठ थोडी बाहेर आली. ती भरून काढायला पाचर किंचित जाड केली. मुंग्या हळूहळू गेल्या.

आता रोजच्या सैल, न खोचलेल्या शर्टाखाली पिस्तूल दिसत नाही; गडद रंग किंवा नक्षीचं कापड असेल तर अजिबात नाही. पातळ, अंगाला चिकटणाऱ्या कपड्यांत दिसतं. त्यासाठी त्यांनी उपाय शोधला नाही. तसे कपडे घालायचे त्या दिवशी पिस्तूल पेटीत, आणि रोकड सहकाऱ्यासोबत. लहान पिस्तुलाचा विषय आपोआप मागे पडला.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीचा क्रम उलटा असता तर पैसे आणि त्रास दोन्ही वाचले असते. आधी पट्टा आणि पॅन्ट, मग पिस्तुलाच्या मॉडेलसाठी घडवलेला कडक होल्स्टर, त्यावर क्लॉ आणि पाचर, आणि एवढं करूनही जमलं नाही तरच पिस्तूल बदलणं. बहुतेक जण पिस्तूल बदलण्यापासून सुरुवात करतात.

मांडीच्या नसेचा विचार पहिल्या मापालाच करता आला असता. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक बोटाने चाचपून तिथे कवचाची कड येत नाही ना, हे पाहायला क्षणभर लागतो. माझ्या तपासण्यांच्या यादीत ते आता आहे.

पुढची जागा निवडली ते बरोबर होतं का, यावर माझ्या एका सहकारी प्रशिक्षकाशी मतभेद आहेत. त्याच्या मते नव्या माणसाला चारच्या जागीच ठेवून, मूठ थोडी दिसली तरी चालवून घ्यायला हवं होतं. त्याचं म्हणणं पोकळ नाही. पण मूठ दिसते म्हणून जो माणूस मऊ कापडी होल्स्टरकडे वळला, तो दिसत राहिली तर पुन्हा तिकडेच वळेल, असा माझा अंदाज होता.

सध्या 'अ' यांना पिस्तुलाच्या नळीखाली लाइट बसवायचा आहे. रात्रीचं काम, तेव्हा मागणी रास्त आहे. पण लाइटसाठी होल्स्टर नवा लागेल. तो पिस्तुलाऐवजी लाइटला पकडतो आणि लाइट रुंद असल्यामुळे त्याचं तोंडही रुंद ठेवावं लागतं; ट्रिगरच्या बाजूची फट तिथेच वाढते. दोन नमुने आणून पाहिले. एकात पेन्सिल सरळ ट्रिगरला टेकली, तो परत केला. दुसऱ्याची तपासणी चालू आहे, आणि रात्री ट्रिगर पाहण्याचा जुना क्रम रिकाम्या पिस्तुलावर पुन्हा सुरू केला आहे.